समुद्रातली बाळंतीण

मी समुद्राच्या तळाला जाऊन तिथला केर काढून आलोय, आणि हे तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही. नका मानू. ज्याच्या दारात तोंड धुवायला तांब्याभर पाणी नाही, त्यानं समुद्र झाडला म्हटल्यावर मीसुद्धा मानलं नसतं. माझी बायको द्वारकाबाई तर म्हणते, "अंगण झाडायला सांगितलं तर कंबर धरते, अन् समुद्र झाडला म्हणे."

हीच गोष्ट मी त्या दिवशी टँकरच्या लायनीत सांगायला घेतली होती. पण गोष्टीआधी लाईन सांगायला पाहिजे.

आमची वस्ती शेंद्र्याच्या पुढं, करमाडच्या अलीकडं. संभाजीनगर वाढत वाढत जालना रोडनं आमच्यापर्यंत आलं. प्लॉट आले, खांब आले, बँकेची पाटी आली, नळ तेवढा वाटेत कुठंतरी दम खात बसला. त्यात पावसानं सलग पाठ फिरवलेली. हातपंप हापसला की नुसती हवा, आणि एक आवाज, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा. सगळी भिस्त टँकरवर. लिंबाच्या झाडापासून वळणापर्यंत हंडे, घागरी, रंगाचे डबे, तेलाचे कॅन लायनीनं मांडलेले. माणसं सावलीत, भांडी उन्हात. भांड्यानं नंबर धरायचा, माणसानं भांड्यावर नजर ठेवायची, हा आमचा कायदा.

टँकरवर चढायचं काम माझं. वय झालं तरी ते मी कुणाला दिलं नाही. वरचं झाकण उघडायचं, पाइप आत सोडायचा, कुणाची घागर भरली, कुणाची नाही, यावर वरून ओरडायचं. लोखंडी शिडी ओली आणि बुळबुळीत असते. एकदा चपला घालून चढलो आणि सगळ्या वस्तीसमोर नमस्कार घातल्यासारखा खाली आलो. तेव्हापासून टँकर निघाला असा फोन आला की मी आधी चपला काढतो, लिंबाच्या बुडाशी पालथ्या ठेवतो, धोतर खोचतो, मग बाकीचं.

त्या दुपारी ड्रायव्हरचा फोन आला. मी झाडामागं जाऊन घेतला.

"काका, गाडी वळवली. त्या नव्या उंच बिल्डिंगांकडं. आज तुमची खेप नाय."

"आरं बाबा, इथं माणसं—"

"माझ्या हातात काय हाय का काका? संध्याकाळी एक खेप सुटली तर बघतो. सुटली तर फोन करतो."

सुटली तर. फोन ठेवला आणि वळून बघतो तर समोर मुक्ताबाई.

मुक्ताबाई आमच्या गल्लीतली. नवरा मागंच गेला, एकुलती पोरगी संस्कृती, तिला अजिंठ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून पोरगी आईकडं आलेली. मुलगी झाली. बारसं तोंडावर. आता बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं, हे बायांना सांगायला नको आणि पुरुषांना सांगून कळत नाही. तिचं कढत पाण्याचं न्हाणं, बाळाची अंघोळ, लंगोट, दुपटी. मुक्ताबाईनं स्वतःची अंघोळ कधीच सोडून दिली होती. शेजारपाजारचे लोटाभर, लोटाभर देत होते, पण शेजारचा लोटा तरी कुठून भरणार?

आणि त्याच दिवशी तिचे व्याही जीप घेऊन आलेले. काकासाहेब. माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं, शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण माणूस चांगला. अजिंठ्याला त्यांच्या बोअरला पाणी. सगळ्यांदेखत हात जोडून ते म्हणाले होते, "विहीणबाई, राग मानू नका. आज टँकर आला तर पोरगी सव्वा महिना हितंच राहील, माझा शब्द. नाय आला तर दिवस बुडायच्या आत घेऊन जातो. कोरडी बाळंतीण मला बघवत नाय."

यावर मुक्ताबाई काय बोलणार? सव्वा महिना पुरा व्हायच्या आत पोरीला बाळासकट माहेरातून उचलून न्यायचं, तेही आईच्या घरात पाणी नाही म्हणून. उभ्या जन्मात हे तिच्या अंगावरून पुसलं गेलं नसतं. तिनं बाळासाठी जुन्या लुगड्यांच्या कुंच्या शिवून ठेवल्या होत्या, एकावर एक.

ती मला म्हणाली, "बन्सीभाऊ, कुणाचा फोन?"

"ड्रायव्हरचा."

"काय म्हणला?"

तिचं तोंड बघितलं आणि माझं तोंड आपोआप चालायला लागलं. "निघालाय. करमाडच्या फाट्यावर पंक्चर झाला. तेवढं काढलं की आलाच."

लायनीत एक सुस्कारा फिरला. काकासाहेब लिंबाखाली खुर्चीवर बसले होते. त्यांनी घड्याळ बघितलं. "पंक्चरला किती वेळ लागतो, बन्सीराव?"

"एक गोष्ट होईल एवढा," मी म्हणालो आणि खाली बसकण मारली. "अशी गोष्ट, की खरं मानाल तर पैज."

असा मी समुद्रात उतरलो.

"तुमाला ठाऊक हाय," मी म्हणालो, "शहरात एका पोहायच्या तलावावर मी वॉचमन होतो. तिथं एका डॉक्टरची लेक यायची, मनस्विनीताई. ती आणि तिचं टोळकं पाठीला सिलिंडर बांधून पाण्यात तासभर बसायचं."

"गॅसचा सिलिंडर?" रामकिसननं विचारलं. रामकिसन आमचा भंगारवाला. प्रत्येक गोष्टीत त्याला वजन किती आणि कशाचं, एवढं कळलं पाहिजे.

"हवेचा रं. गॅसचा बांधला तर तुझ्यावानी वास मारंल."

बाया हसल्या. काकासाहेबांच्या मिशीचा एक कोपरा हलला. मला तेवढा कोपरा पुरे होता.

"मग दुष्काळ पडला, वरून हुकूम आला, तलाव रिकामा करा. केला. मी रिकाम्या हौदाची राखण करत बसलो. कुणी चोरून न्यायला काय होतं तिथं? ताई म्हणाली, बाबा, इथं काय करता, आमच्याबरोबर मालवणला चला. सामान उचला, भाकरी करा. आम्ही समुद्राच्या तळाचा कचरा काढतो."

"समुद्रात कचरा?" म्हातारी लीलाबाई म्हणाली. "तितं कोण राहतं?"

"कुणी राहत नाय, म्हणून तर टाकतात. आपल्या खदानीत नाय का टाकत?"

"मग?" काकासाहेब म्हणाले.

हा 'मग' ऐकला आणि मला माझं काम कळलं. जोवर हा माणूस 'मग' म्हणतोय, तोवर जीपची चावी त्याच्या खिशात आहे.

मी आता हात सोडून बोलायला लागलो. विहिरीत पडलेल्या घागरी काढण्यात माझी जवानी गेली. दम धरायला मला शिकवावं लागत नव्हतं, उलट ताईला मला श्वास घ्यायला शिकवावं लागलं. पायाला रबराचे बदकाचे पाय, डोळ्यांवर काच, कमरेला शिशाची वजनं, आणि बोटीतून पाठीवर उलटं पडायचं, खाटेवरून पडल्यासारखं. खाली गेलो तर काय! पोवळ्याची बाग. झाडं, पंखे, गोभीचे गड्डे, हरणाची शिंगं, सगळं दगडाचं आणि सगळं जिवंत.

"पोवळं म्हंजे अंगठीतलं?" रामकिसन ताठ झाला. "मग दोन-चार खडे आणायचे ना!"

"बोटसुद्धा लावायचं नाय. मुंगीहून बारके जीव असतात, ते घर बांधतात. बापानं बांधायचं, पोरानं त्याच्यावर बांधायचं, शेकडो वर्षं. आपल्याकडं प्लॉटिंगवाला एका उन्हाळ्यात उरकतो."

"अन् मासे?"

"मासे लायनीत उभे होते."

"हॅ!"

"आईच्यान. एक मोठा मासा तोंड वासून उभा. बारके मासे त्याच्या तोंडात शिरून त्याचे दात घासून देतात. बाकीचे मोठे मागं आपला नंबर धरून. धक्का नाय, शिवी नाय, माझा हंडा मागं का सरकवला असं नाय."

"आमाला तितंच घेऊन चला, बन्सीबा," लीलाबाई म्हणाली आणि सगळी लाईन खिदळली. गंमत अशी की यातला शब्दन् शब्द खरा होता. मी त्यावर एक टीप मारली, की एक मासा नंबर सोडून पुढं आला तेव्हा एका खेकड्यानं त्याला परत मागं पाठवला. खेकड्याचं सगळ्यांना पटलं, दातांचं कुणाला पटलं नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

मुक्ताबाई अर्धी उठली. मी फोन कानाला लावला. आतून एक बाई गोड आवाजात सांगत होती, की आपल्या आवडीचं गाणं फोनवर लावण्यासाठी एक दाबा.

"हां," मी म्हणालो. "हां, हां. निघाला का? ये, ये. सावकाश ये."

फोन खिशात घातला. "चाक बसवतोय," मी म्हणालो. मुक्ताबाई परत बसली. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"मग?" काकासाहेब.

मग मी कामाचं सांगितलं. पाण्यात जोडीनं उतरायचं. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं पांढऱ्या पाटीवर लिहायचं. काय सापडलं, किती खोल, कशात अडकलं होतं. जागच्या जागी फोटो, मग जाळीच्या पिशवीत, मग वर आणून तोलायचं.

"पाण्यात पेन्सिल चालते?" रामकिसन म्हणाला.

"चालते. हितं कोरड्यात अर्ज चालत नाय, ती गोष्ट येगळी."

काय काय निघालं ते मी हातावर मोजून दाखवलं नाही, नुसतं हवेत मांडलं. वेफरच्या पुड्या, बाटल्या, एकेकटी चप्पल, जोडी कधीच नाही. तुटलेली मासेमारीची जाळी, मैलभर लांब. 'मैलभर' हे माझ्या पदरचं. त्या जाळ्या पोवळ्याला अशा गुंडाळलेल्या, की कातरीनं एकेक दोरा कापावा लागतो, आणि कितीही जपून कापलं तरी एखादं शिंग कट्कन मोडतंच. पाण्यात तो आवाज कानाला नाही, दाताला ऐकू येतो. देवाचं निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. आणि गुटख्याची एक पुडी, आमच्याच शेंद्र्याच्या टपरीवरची.

"टपरीचं नाव पुडीवर नसतं, बन्सीबा," रामकिसन म्हणाला.

"चुना लावायची पद्धत वळखतो मी."

हशा झाला, पण मुक्ताबाई हसली नाही. ती रस्त्याकडं बघत होती. तिकडं बघतच तिनं विचारलं, "अन् पाटीवर लिहून काय व्हतं?"

हा प्रश्न मी ताईला विचारला होता. कारण दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच जागी उतरलो, कालची साफ केलेली जागा, आणि रात्रीतून तिथं परत येऊन पडलेलं. तशाच पुड्या, तशाच बाटल्या. जणू कुणी वरून आमची वाटच बघत होतं. ताईनं सगळं परत उचललं, परत लिहिलं, आणि वर येऊन बोटीच्या काठावर पाय सोडून बसून राहिली. रडली का ते सांगता येत नाही, समुद्रातून आलेल्या माणसाचं तोंड ओलंच असतं. मी विचारलं, ताई, लिहून काय होतं? ती म्हणाली, "बाबा, लिहिलं नाही तर उद्या कुणीतरी म्हणेल, इथं काही पडलंच नव्हतं."

मी हे लायनीत जसंच्या तसं सांगितलं. मुक्ताबाई म्हणाली, "व्हय, आपल्यालाबी तक्रारीचा नंबर देतात." एवढंच. ऊन लिंबाच्या सावलीला ढकलत ढकलत काकासाहेबांच्या खुर्चीपर्यंत घेऊन आलं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली नाही. घड्याळ मात्र बघितलं.

मला घाई झाली. ड्रायव्हरचा फोन नाही. मी मनात म्हटलं, बन्सी, आता ठेवणीतलं काढ.

"काकासाहेब, आता ऐका. त्याच बागेत, एका कपारीत, मला घागर दिसली. लाल प्लास्टिकची. अगदी ही," आणि मी लायनीतल्या मुक्ताबाईच्याच घागरीकडं बोट केलं. "गळ्याला चिरलेली. मी म्हटलं, विहिरीतून घागरी काढण्यात जन्म गेला, ही तर आपल्या हक्काची. धरली आणि ओढली. येईना. परत ओढली. आतून कुणीतरी ओढलं."

"भूत!" लीलाबाई म्हणाली.

"ऑक्टोपस. आठ हातांचा. सहा हातांनी घागर धरलेली, सातव्यानं माझं मनगट. आणि आठव्यानं—"

"आठव्यानं काय, नमस्कार केला?" रामकिसन म्हणाला.

"आठवा हात तिनं मागं लपवला होता. मी काच लावून बघितलं. घागरीच्या आत, वरच्या बाजूला, पांढऱ्या लडी लोंबत होत्या. ज्वारीचं कणीस भरतं तसे दाणे, हजारांनी. अंडी होती ती. आणि ही बया त्यांच्यावर सारखी फुंकर घालत होती, पाण्याची फुंकर. एक क्षण थांबत नव्हती. बाळंतीण होती, काकासाहेब. घागरीतली बाळंतीण."

लीलाबाई आपला डबा सोडून पुढं सरकून बसली.

"मी घागर सोडेना. कचराच तो, उचलायलाच आलो होतो. तेवढ्यात ताईनं माझा हात धरला. मान हलवली. नाय. त्यांचा एक नियम असतो. ज्या वस्तूवर पोवळं चढलं, ज्याच्यात कुणी घर केलं, ती वस्तू कचरा राहत नाय. ती हलवायची नाय. तिनं पाटीवर लिहिलं, मला दाखवलं. घागर, एक. आत बाळंतीण. हलवली नाही."

ताईनं वर आल्यावर पुढचंही सांगितलं होतं. ती आई पिलं बाहेर पडेपर्यंत काही खात नाही, आणि पिलं निघाली की संपते. ते मी लायनीत सांगितलं नाही. गोष्ट कुठं थांबवायची हे ज्याला कळत नाही, त्यानं सांगू नये.

"येवढ्या मोठ्या समुद्रात," मी हळूच म्हणालो, "शिकल्यासवरल्या माणसांनी एका बाळंतिणीला जागची हलवली नाय. घागर फुटकी होती, जागा अडचणीची होती. तरी म्हणाले, ऱ्हाऊ द्या. तिचं पुरं होऊ द्या."

मी काकासाहेबांच्या तोंडाकडं बघत होतो. 'मग' येतोय का बघत होतो. ते बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. गोष्ट कुणाची होती, ते त्यांना कळलं होतं. चांगल्या माणसाला कळतंच, तोच तर त्रास.

"बन्सीराव," ते म्हणाले, आवाज अगदी मऊ, "पण तिच्या घागरीत पाणी होतं."

मी आयुष्यभर उत्तरं देत आलो. कीर्तनकाराला दिली, तलाठ्याला दिली, द्वारकाबाईला दिली. हे तेवढं राहिलं.

मुक्ताबाईच्या दारात संस्कृती येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कुशीत बाळ, कुंचीत गुंडाळलेलं. ती आईला खुणेनं विचारत होती, आला का? मुक्ताबाईनं तिला हातानं सांगितलं, थांब. येतोय.

मी फोन बाहेर काढला, बघितला, परत ठेवला. सावली वळणापर्यंत लांबली होती. रस्त्यावरून एक टँकर आला, सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो न थांबता शहराकडं गेला. त्याच्या मागच्या तोटीतून पाणी गळत होतं, डांबरावर एक ओली रेघ काढत. चार कुत्री त्या रेघेवर धावली.

"हा नव्हं," मी घाईनं म्हणालो. "आपला हिरवा हाय. तर काय सांगत होतो, तिसऱ्या दिवशी तर कमालच झाली. शार्क मासा. जालन्याच्या बसएवढा. मी त्याला म्हटलं—"

"काय म्हटलं?" रामकिसननं विचारलं. त्याचाही आवाज आता वेगळा होता. मला टेकू द्यावा म्हणून विचारल्यासारखा.

"म्हटलं, बाबा रे, लायनीत ये..."

मुक्ताबाई उठली. लायनीतून चालत पुढं गेली, आपली लाल घागर उचलली, काखेला लावली. रिकामी घागर काखेला लावल्यावर बाई अशी वाकडी उभी राहते, जशी भरलेलीच आहे. मग ती माझ्यासमोर येऊन थांबली. रस्त्याकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडंही नाही. खाली, माझ्या पायांकडं बघत होती.

"बन्सीभाऊ," ती म्हणाली, दारातल्या पोरीला आणि खुर्चीवरच्या व्याह्यांना ऐकू जाईल अशी, "तुमचा समुद्र खरा आसंल. पण तुमच्या चपला आजून पायातच हायेत. टँकर निघालाच नाय."